काठोबाकडे ठेवलेली नावं

शैलेशचा फोन आला तेव्हा मी भाऊजींची गादी गच्चीवर उन्हात टाकत होते. नाशिकच्या दवाखान्यातून ते परत येतील आणि गादीला दमट वास येत असला तर दोन दिवस कुरकुर करतील, म्हणून. "मावशी, बाबा गेले," तो म्हणाला. मी गादीची दुसरी बाजू उन्हाकडे केली आणि खाली येऊन नाशिकला जायची पिशवी भरली. पुढचे दिवस सगळ्यांच्या घरी जातात तसे गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण ताईजवळ बसायचा आणि म्हणायचा, "सुटले हो बिचारे." ताई मान हलवायची. मला मात्र दर वेळी वाटायचं, की या माणसाला विचारावं, कशातून सुटले ते तुला माहीत तरी आहे का? दुखण्यातून म्हणत असशील, तर ते अलीकडचं. भाऊजी ज्यात अडकले होते ते त्यांनी स्वतःच्या हातांनी तयार केलं होतं, आणि त्यातून ते सुटले की नाही, हे इतक्या आठवड्यांनंतरही मला नीटसं सांगता येत नाही...

रघुनाथ भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खोडाळ्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका आश्रमशाळेत त्यांनी सगळी नोकरी केली. मी जव्हारच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे, लग्न केलं नाही, त्यामुळे मेव्हणीची थट्टा करायचा त्यांचा हक्क त्यांनी आयुष्यभर पुरेपूर बजावला. मला ते 'मास्तरीणबाई' म्हणायचे. अंगानं किडकिडीत, बोलणं संथ, आणि थाप मारताना चेहऱ्यावरची सुरकुतीही हलायची नाही. लग्नानंतर पहिल्यांदा जव्हारला आले तेव्हा त्यांनी मला गावाबाहेरच्या शिरपामाळावर उभं करून पलीकडचा एक डोंगर दाखवला आणि तो दर वर्षी हातभर सरकतो, त्याची सरकारदरबारी नोंद आहे, असं इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी पुढच्या आठवड्यात वर्गात ते सांगायच्या बेतात होते. ताईनं वेळेवर अडवलं. "यांचं काही खरं धरू नकोस," ती म्हणाली, "हे जे नाही त्याच्यातच राहतात."

त्या शाळेच्या वसतिगृहात लहान लहान मुलं लांबच्या पाड्यांवरून आलेली असत. पावसाळा लागला की त्यांना घर आठवे, आणि कुणालाही न सांगता ती निघून जात. शाळेमागे डोंगराची एक कड होती, ती ओलांडली की ओढा. एरवी घोट्याएवढा, पण वरच्या अंगाला पाऊस झाला की माणूस वाहून नेणारा. मूल घरी पोचलं की वाटेतच राहिलं हे कळायला मार्ग नसे. हजेरीला एखादं नाव आलं आणि उत्तर आलं नाही, की भाऊजी छत्री न घेताच कडेकडे धावत सुटायचे. रागावून झालं, समजावून झालं. शेवटी एका पावसाळी शनिवारी, दिवे गेलेले, पोरं दाटीवाटीनं बसलेली, तेव्हा त्यांनी गोष्ट सुरू केली. एक मुलूख होता, जेवायच्या थाळीसारखा, चारी बाजूंनी काठ उचललेला. त्याचं नाव थाळी. तिथली नदी सकाळी खाली वाहायची आणि संध्याकाळी घरी परत चढायची. झाडं उन्हाळ्यात सावली शोधायला निघायची. माणसांना दोन सावल्या असत, एक कामाची, एक झोपेची. आणि काठावर एक म्हातारा बसलेला असे, काठोबा. कुणी काठ ओलांडून चाललं, की तो म्हणायचा, जा बाबा, पण जाताना तुझं नाव माझ्या कानात सांगून जा. परत आलास की तुझं तुला देईन. नाही आलास, तर कुणाला शोधायचं ते मला ठाऊक असेल.

बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून पोरं घरी निघाली की भाऊजींच्या कानात नाव सांगून जायला लागली. गोष्ट लागू पडली म्हणून ते इतके खूश झाले, की खास जव्हारला येऊन त्यांनी मला सगळी थाळी सांगितली, झाडांच्या चालण्यासकट. पुढे त्यांना खरी चटक लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्यांनी ठरवलं, आपण थाळीबद्दल पुन्हा एक अक्षर बोलायचं नाही. मोठ्या मुलांनी लहानांना सांगायचं, ती मोठी झाली की त्यांनी पुढच्यांना. चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही. "तुम्ही मेलेले धर्म शिकवता मास्तरीणबाई," ते मला म्हणाले, "मी एक जिवंत वाढवतोय." वर्गाच्या तीन-चार पिढ्या गेल्या की थाळीत एक युग उलटे. मुलांनी तिथे झाडावर चढणारे मासे आणले, पिकतानाच भाकरी होऊन येणारी नागली आणली, वसुलीला येणारं अस्वल आणलं. भाऊजी बाजूला बसून नुसते ऐकत आणि सुट्टीत मला येऊन सांगत. त्यांना यावर मुलांसाठी एक पुस्तक लिहायचं होतं. ते कधी लिहून झालं नाही, कारण शेवट त्यांच्या हातात राहिला नव्हता.

एक गंमत सांगते. वसतिगृहाच्या भातात खडे फार येत. भाऊजींनी सुरुवातीला मुलांना शिकवलं होतं, की खडा लागला तर तो थाळीच्या काठावर काढून ठेवायचा, जमिनीवर थुंकायचं नाही. काही वर्षांनी तांदूळ सुधारला, खडे गेले, पण काठावर काहीतरी ठेवायचं हे राहिलं. मग मुलं काठावर चार शितं ठेवू लागली. आणखी काही वर्षांनी ती काठोबाची शितं झाली, ती ठेवल्याशिवाय कुणी घास उचलेना. एकदा तपासणीला आलेले एक साहेब ते पाहून हरखून गेले. ही इथल्या डोंगरातली किती जुनी परंपरा आहे, ती जपली पाहिजे, असं त्यांनी निरोपाच्या भाषणात सांगितलं. भाऊजी शेजारच्या खुर्चीत ओठ आवळून बसले होते. मला हे सांगताना त्यांना इतकं हसू आलं, की चहा नाकात गेला.

तेव्हा हसण्यासारखंच होतं सगळं. एका वर्षी दोन खोल्यांत भांडण जुंपलं. काठोबा काठावर बसतो तो आतल्या बाजूला तोंड करून की बाहेरच्या? एका खोलीचं म्हणणं, तो आपल्याला बघतो, म्हणून आत. दुसरीचं, तो गेलेल्यांची वाट बघतो, म्हणून बाहेर. आतबघे आणि बाहेरबघे एका पंगतीला बसेनात. भाऊजींना राहवलं नाही, आपलाच नियम मोडून ते म्हणाले, "अरे, त्याला मान आहे की, वळवत असेल." झालं, दुसऱ्या दिवसापासून तिसरी पंगत पडली, मानवाल्यांची. इतिहासाच्या तासाला जे मला मुलांच्या गळी उतरवायला महिना लागायचा, ते त्या माणसाच्या वसतिगृहात आमटीच्या बादलीभोवती घडत होतं, आणि मला, खरं सांगते, थोडा हेवाच वाटला.

पण वर्षं गेली तशी गोष्ट घट्ट होत गेली. नाव काठोबाकडे ठेवलं, म्हणजे ते आता आपल्याजवळ नाही, असं कुणाला तरी वाटलं. मग गेलेल्या मुलाचं नाव तो परत येईपर्यंत कुणी उच्चारायचं नाही, असं ठरलं. हजेरीला ते नाव आलं की वर्ग चिडीचूप. मग बिननावाचा माणूस बाहेर हिंडतो, तेव्हा त्याला काहीबाही धरतं, अशी भीती आली. आणि शेवटी, काठ ओलांडणं हेच वाईट, असं पोरं एकमेकांना सांगू लागली. मूळ गोष्टीत म्हातारा 'जा बाबा' म्हणत होता. ते दोन शब्द कुठल्या वर्षी गळून पडले, हे भाऊजींना शेवटपर्यंत सापडलं नाही.

सविता सातवीत होती. तिचा पाडा कडेच्या पलीकडे. तिची आजी आजारी पडली, सारखी नातीचं नाव घेत होती, म्हणून बाप तिला न्यायला आला. भाऊजी त्या दिवशी प्रशिक्षणासाठी पालघरला गेले होते. सविता धान्याच्या कोठीत पोत्यांमागे जाऊन बसली. बाप बाहेरून हाका मारत होता, ती आतून रडत होती. गुरुजी नाहीत, नाव कुणाच्या कानात ठेवू? बिननावाची मी नाय जायची. दुपार कलली तसा बाप एकटाच परत गेला. आजी त्याच आठवड्यात गेली. भाऊजी परत आले आणि हे ऐकून तसेच पायरीवर बसले. त्या रविवारी ते माझ्याकडे जव्हारला आले, जेवले नाहीत. "नलू," ते म्हणाले, मास्तरीणबाई नाही, "पोरांनी पळून जाऊ नये एवढंच मला हवं होतं गं."

मी म्हटलं, मग सांगा की त्यांना, हे मी रचलं म्हणून. संपलं. त्यांनी सांगितलं. सगळ्या शाळेला अंगणात बसवून सांगितलं, की काठोबा नाही, थाळी नाही, ती शितं म्हणजे भातातले खडे. मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आठवीतली एक मुलगी उठली आणि अगदी आदरानं म्हणाली, "नाय गुरुजी. काठोबा तुमचे आदीचा हाय. आमाला मोठ्या पोरींनी सांगलंय, त्यांना त्यांचे मोठ्या पोरींनी. तुमाला कुणी सांगला?" भाऊजी म्हणाले, "मला कुणी नाही सांगितलं, मीच..." तेव्हा ती समजूतदारपणे मान हलवून म्हणाली, "मंग तुमाला ठावं नसंल." आणि खाली बसली. काही पोरांना तर वाटलं, की काठोबा गुरुजींच्या तोंडून आपली परीक्षा बघतोय. त्या दिवशी त्यांना कळलं, की आपण रचलेल्या देवाच्या घरात आपलाच शब्द चालत नाही.

मग त्यांनी दुसरी वाट धरली. दर रविवारी सकाळी स्वतः कड ओलांडायची, सगळ्यांदेखत, कुणाच्याही कानात काही न सांगता, आणि संध्याकाळी धडधाकट परत यायचं. काही होत नाही, हे पोरांना दिसेल, असा हिशेब. मी तेव्हाच म्हटलं होतं, की हे अंगाशी येईल. मुलांनी त्यातून काय काढलं? गुरुजी जाऊ शकतात, कारण सगळ्यांची नावं त्यांच्यापाशी आहेत, त्यांना कोण धरणार! म्हणजे गुरुजी काठोबाचे पुजारी. झालं... त्यानंतर तो माणूस खऱ्या अर्थानं अडकला. दिवाळीच्या सुट्टीला मुलं एकेक करून त्यांच्या कानाशी वाकून नाव ठेवून जात. सुट्टी संपून येत तेव्हा गुरुजी समोर हवेत, त्यांनी कानात नाव परत द्यायला हवं, नाहीतर पोर तसंच दाराशी उभं. त्याच्याशी कुणी बोलणार नाही, कुणी त्याला पंगतीत घेणार नाही. मग यांनी दिवाळी नाशिकला कशी करायची? शैलेशच्या शाळेसाठी ताई नाशिकला राहायला गेली होती, ती फराळाचे डबे एस.टी.नं पाठवायची. शैलेशच्या लग्नात अक्षता पडल्या आणि हे जेवायच्या आधीच निघाले, का, तर दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार. मांडवाच्या दाराशी ताईनं त्यांना अडवलं नाही. नंतर मला एवढंच म्हणाली, "एका खोट्या देवानं माझा संसार खाल्ला, नलू. खरा असता तर नवस तरी बोलले असते."

निवृत्त झाल्यावर येतील, असं आम्ही धरून चाललो होतो. आले नाहीत. कारण शाळेतली पोरं आता मोठी झाली होती, बाप झाली होती. भाताची कापणी उरकली की ही माणसं भिवंडीकडे, ठाण्याकडे, वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातात, होळीला घरी येतात, कुणी पाऊस लागायच्या आधी. निघताना ती गुरुजींच्या दारावरून जात, हसत हसत वाकत आणि कानात नाव ठेवत. थट्टेनंच करत, पण करत. भाऊजींनी शाळेजवळच एक खोली भाड्यानं घेतली. मी एकदा जाऊन चांगलीच भांडले. म्हटलं, तुमचा विश्वास आहे का यावर? म्हणाले, "तिळमात्र नाही." मग उठा आणि चला! त्यांनी चुलीत दोन काटक्या सारल्या. "विश्वास माझा नसेल नलूबाई, पण नावं माझ्यापाशी आहेत ना. देवाला सोडून जाता येतं. ठेव ठेवलेल्यांना कसं सोडू?" मी आणखीच चिडले आणि मिळेल त्या गाडीनं जव्हारला परत आले.

तीन वर्षांमागे त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग वार, मग जेवलो की नाही ते. एका सकाळी ते खोडाळ्याच्या बाजारात उभे राहून स्वतःच्या खोलीची वाट विचारत होते. तिथून मी त्यांना जव्हारला माझ्या घरी आणलं. नाशिकला यायला तयार होईनात. इथे निदान त्यांच्या माणसांना येता येईल म्हणाले. रस्त्याकडची खोली त्यांना दिली. तिथे त्यांचं काय चालायचं, ते बाहेरून पाहणाऱ्याला जप वाटला असता. ते दिवसभर नावं म्हणायचे. काठोबाकडे ठेवलेली, अजून परत न नेलेली नावं. नाव उच्चारायचं नाही हा पोरांचा नियम, म्हणून आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. मध्येच अडखळायचे, घाबरायचे, पुन्हा पहिल्यापासून. एखादं सापडेना की माझा हात घट्ट धरायचे. मी आमटीभात कालवून समोर बसायचे आणि ते घास तोंडाशी अडवून म्हणायचे, थांब, थांब, एक निसटलंय... तिळमात्र विश्वास नसलेला हा माणूस! मला त्यांचा राग यायचा, आणि त्या रागातच मी न्हाणीघरात जाऊन रडून घ्यायचे.

यातून वाट काढली ती सवितानं. धान्याच्या कोठीत लपलेली तीच सविता, आता मोखाड्याकडे एका वसतिगृहाची अधीक्षिका आहे. ती भेटायला आली, दारातूनच तिनं त्यांचे हलणारे ओठ पाहिले आणि तिला कळलं. खुर्चीपाशी खाली बसून तिनं विचारलं, "गुरुजी, काठोबा नावं घेत कशाला होता हो?" भाऊजी विचारात पडले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग अगदी लख्ख म्हणाले, "नाही आलं कुणी, तर शोधायला." सविता म्हणाली, "मंग शोधायचं काम ज्याचं तं त्याचे घरचं करल. तुमी एकल्यानं किती शोधाल? घराघरात एक काठोबा बसवू." देव नाही, असं ती एकदाही म्हणाली नाही. जे भाऊजींना सांगून जमलं नव्हतं, ते तिनं आत राहून केलं. तिनं पाड्यापाड्यावर निरोप धाडले. माणसं यायला लागली. कुणी भिवंडीहून येताना परस्पर माझ्या दाराशी उतरे, कुणी स्वतः येऊ शकत नसेल तर त्याची आई येई. भाऊजींच्या तोंडाशी कान नेत, ते नाव परत देत, ती माणसं ते घेऊन घरी जाऊन बायकोच्या, आईच्या, भावाच्या कानात ठेवत. एकेक नाव गेलं की भाऊजींचे खांदे सैल पडताना मला दिसत. जेवणही वाढलं. हातात घास धरून थांबणं बंद झालं. एके सकाळी मला हाक मारून म्हणाले, "मास्तरीणबाई, तो डोंगर सरकला का हो यंदा?"

शेवटी एकच नाव राहिलं.

तो त्यांचा जुना विद्यार्थी. बांधकामावर म्हणून गेला, होळीला बाकीचे आले, तो आला नाही. कुणी म्हणालं दुसऱ्या साइटवर गेला, कुणी म्हणालं गुजरातेत. फोन लागत नाही. अशा तीन होळ्या गेल्या. त्याचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. त्याची बायको बारकी दर महिन्याला जव्हारच्या बाजाराला आली की माझ्याकडे येई, पायरीवरच बसे. आत ये म्हटलं तरी नाही. एकच प्रश्न. "गुरुजीकडं नाव हाय नं अजून?" भाऊजी मान हलवत. मग तिचा चेहरा निवळे, चहा पिई आणि जाई. सवितानं तिला समजावलं, की तूच घे ते नाव, तुझ्या घरी ठेव. बारकी हात जोडून म्हणाली, "माझेकडं नको बाय. माझेकडं आला तं त्यो परत आल्यासारखा झाला. मंग त्याला कोन बघल?" तिच्या लेखी गुरुजींपाशी नाव होतं तोवर तिचा माणूस वाटेवर होता. भाऊजी एवढं एक नाव धरून राहिले. बाकी आठवणीतून बरंच पुसलं गेलं, शैलेशही पुसला गेला, मधूनमधून मीही जात असे, पण ते नाव त्यांच्या ओठांवरून हललं नाही.

यंदाच्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांना श्वास पुरेना. इथल्या डॉक्टरांनी नाशिकला न्या म्हणून सांगितलं. ते नको नको करत होते, खुर्चीचा हात सोडत नव्हते. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. रुग्णवाहिका मोखाड्याच्या पुढे घाटाला लागली तेव्हा त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मी वाकले, कान त्यांच्या तोंडाशी नेला. ते काहीतरी द्यायचा प्रयत्न करत होते, सगळा जीव एकवटून, पण बाहेर आला तो नुसता श्वास. गरम, घरघरता. शब्द आलाच नाही. मी "हो भाऊजी, कळलं" म्हटलं. आजारी माणसाला म्हणतो आपण तसं. त्यांनी डोळे मिटले, आणि किती तरी दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे ओठ स्थिर झाले.

कार्य उरकून मी जव्हारला परतले ती घर आवरायला. ताईनं आणि शैलेशनं नाशिकला माझ्यासाठी खोली काढून ठेवली होती. या वयात एकटीनं इथे राहून करायचं काय, हे मलाही पटलं होतं. भांडी पोत्यात बांधत होते, तेव्हा बारकी आली. नेहमीसारखी पायरीवर बसली. भाऊजींचं तिला कळलं होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "बाय, नाव गुरुजीसंगं गेला का?"

मी इतिहास शिकवलेली बाई. एक म्हातारा, एक ओढा, भातातले खडे, एवढ्यातून हे सगळं कसं वाढत आलं, त्याची पायरीन् पायरी मला पाठ. त्या घाटात मला काही मिळालं नव्हतं, हेही मला पक्कं ठाऊक. आणि मी म्हणाले, "नाही गं. जाताना माझ्याकडे देऊन गेले."

बारकीनं मान वर केली. माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पोत्यात बांधलेल्या भांड्यांकडे तिची नजर गेली. मी पोत्याची गाठ सोडली, त्यातून पातेलं काढलं आणि चहाला आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. सामान कधी पाठवतेस, टेम्पो सांगायचा का? मी म्हटलं, ताई, मला इतक्यात नाही यायला जमायचं. तिनं कारण विचारलं, मी सांगितलं. सांगताना माझं मलाच हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. मला वाटलं, आता ती संतापेल. तिचा हक्कच होता, तिनं सगळं आयुष्य यापायीच एकटीनं काढलं होतं. मग ताई म्हणाली, "तुला एकटीला नाही झेपायचं ते. मीच येते."

परवा शैलेश तिला घेऊन आला. तिला रस्त्याकडची खोली दिली आहे. गादी तीच, उन्हात चांगली तापवलेली. संध्याकाळी भिवंडीहून वाड्यामार्गे एस.टी. येते तेव्हा ताई भाऊजींची खुर्ची खिडकीशी ओढून बसते. कोण कोण उतरतं ते ती मला सांगते, आणि मी स्वयंपाकघरातून विचारत राहते, अजून कुणी आहे का गं मागे?